चेहरा सगळ्यांत शेवटी: बरोक काळातली कोरीव व्यक्तिचित्रे वाचायची कशी

पिएर लोंबार हा फ्रेंच कोरणारा १६५५च्या आसपास लंडनमध्ये काम करत होता. तिथे त्याने तांब्याच्या प्लेटवर एक घोडेस्वार कोरला. अंगात चिलखत, हातात सेनापतीचा दंड, बाजूला शिरस्त्राण घेतलेला सेवक. मांडणी उचलली होती व्हॅन डाइक या चित्रकाराने १६३३ मध्ये रंगवलेल्या इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या चित्रावरून. आता गंमत पाहा. या एकाच प्लेटचे वेगवेगळ्या वेळी काढलेले ठसे, म्हणजे कागदावरच्या छापील प्रती, शेजारीशेजारी ठेवले, तर त्याच धडावर कुठे राजाविरुद्ध लढलेला ऑलिव्हर क्रॉमवेल दिसतो, कुठे फ्रान्सचा चौदावा लुई, तर कुठे खुद्द पहिला चार्ल्स, ज्याचे डोके १६४९ मध्ये क्रॉमवेलच्याच पक्षाने उडवले होते. एका ठशात तर मानेच्या वर कोरा कागद आहे. संग्राहक या प्लेटला ‘बिनडोक्याचा घोडेस्वार’ म्हणतात.

राज्य बदलले की जुना चेहरा घासून काढायचा आणि नवा कोरायचा. घोडा तोच, दंड तोच, चिलखत तेच. बरोक काळच्या, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपासच्या, छापील व्यक्तिचित्रात अधिकार नेमका कुठे ठेवलेला असतो, याचा याहून चोख पुरावा मला माहीत नाही. तो बहुतेक सगळा चेहऱ्याच्या भोवती असतो. आपली नजर मात्र सवयीने आधी डोळ्यांकडे जाते आणि तिथेच अडकते. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे: आधी कडेची अक्षरे, मग चौकट आणि घराण्याची चिन्हे असलेली ढाल, मग कपडे आणि सामान, मग रेष, आणि चेहरा अगदी शेवटी.

पायरी १: नीट दिसेल असे चित्र मिळवा

पुस्तकात छापलेले तळहाताएवढे चित्र यासाठी निरुपयोगी आहे, कारण रेष दिसली नाही तर अर्धा मजकूर हरवतो. ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम, लंडनचे ब्रिटिश म्युझियम, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे गॅलिका हे संकेतस्थळ, या चारही ठिकाणी अशी चित्रे फुकट पाहता येतात आणि बरीचशी मोठ्या आकारात उतरवूनही घेता येतात. शोधताना चित्रातल्या माणसाच्या नावापेक्षा कोरणाऱ्याचे नाव टाका. रोबेर नांतय, क्लोद मेलां, जेरार एदेलिंक, पिएर द्रव्हे आणि लुकास व्होर्स्टरमन या पाच नावांवर काही महिने सहज जातील. सुरुवात नांतयपासून करा. तो राँसचा, जन्म १६२३चा. त्याने दोनशेहून अधिक व्यक्तिचित्रे कोरली आणि त्यांची मांडणी इतकी नेमस्त आहे की शिकायला तीच सोपी: लंबगोल चौकट, खाली दगडी चौथरा, चौथऱ्यावर नाव किंवा ढाल आणि मध्ये छातीपर्यंतचा माणूस.

चित्र उघडले की आधी ते पूर्ण पडद्यावर बघा, मग चारही कोपऱ्यांत जा. प्लेटच्या कडेचा दाबलेला चौकोन कागदावर दिसतो का, तेही बघा. तो कापून टाकलेला असेल, तर कडेची अक्षरेही गेली असण्याची शक्यता आहे.

पायरी २: तळाची बारीक अक्षरे

चित्राखाली, बहुधा डाव्या-उजव्या कोपऱ्यांत, लॅटिन शब्द असतात. शब्द थोडेच आहेत, पाठ करून टाका. ‘पिंक्सिट’च्या आधीचे नाव मूळ रंगचित्र काढणाऱ्याचे. ‘डेलिनेआव्हिट’ म्हणजे त्याने रेखाटन केले. ‘स्कल्प्सिट’ म्हणजे प्लेट कोरली. ‘एक्स्कूदित’ हे प्रकाशकाचे, म्हणजे ज्याच्या दुकानातून ठसे विकले गेले त्याचे. ‘आद व्हिव्हुम’ दिसले तर समजा, माणसाला समोर बसवून काढल्याचा दावा आहे. नांतय हा दावा अभिमानाने करत असे. तो आधी समोर बसलेल्या माणसाचे चित्र पेस्टलने काढी आणि मग त्यावरून कोरी. बहुतेक वेळा हे शब्द तोडून लिहिलेले असतात आणि मोठ्या अक्षरांत ‘यू’च्या जागी ‘व्ही’सारखे अक्षर असते, त्यामुळे पहिल्या दोन-चार चित्रांत अडखळायला होते. पुढे होत नाही.

‘कुम प्रिव्हिलेजिओ रेजिस’ हे शब्द मात्र थांबून बघावेत असे आहेत. राजाने या चित्राच्या छपाईचा हक्क दिला आहे आणि दुसऱ्याने नक्कल केली तर दंड, असा त्याचा व्यवहारी अर्थ. पण याच शब्दांनी ते चित्र राजाच्या नजरेखालून गेल्याचेही सुचते. फ्रान्समध्ये १६६० साली चौदाव्या लुईने सँ-झाँ-द-ल्यूझ इथून फर्मान काढून कोरणाऱ्यांना कारागिरांच्या संघांच्या बंधनातून मोकळे केले आणि त्यांच्या कामाला मुक्त कलेचा दर्जा दिला. त्याआधी, १६५८ मध्येच, नांतय राजाचा अधिकृत रेखाटनकार आणि कोरणारा झाला होता. म्हणजे राजा या मंडळींना मोठे करत होता आणि ही मंडळी राजाला. तळाची चिमुकली अक्षरे हा त्या देवाणघेवाणीचा कागद आहे.

आता चौथऱ्यावरची मोठी अक्षरे. नावे लॅटिन होतात: लुईचा लुडोव्हिकस, चार्ल्सचा कॅरोलस. राजाच्या नावापुढची ‘डी. जी.’ ही दोन अक्षरे म्हणजे ‘देवाच्या कृपेने’. मंत्र्याच्या किंवा सेनापतीच्या नावामागे पदव्यांची रांग असते आणि ती जितकी लांब तितका माणूस मोठा, असे सरळ गणित मांडायचा मोह होतो. तो आवरा. फार मोठ्या माणसाच्या चित्राखाली कधीकधी नावच नसते, फक्त ढाल असते. ओळखलेच पाहिजे, नाही ओळखले तर उणीव बघणाऱ्याची. हा मला पदव्यांच्या रांगेपेक्षा जास्त उर्मटपणा वाटतो.

पायरी ३: ढाल, आणि काळ्या शाईत रंग कसे वाचायचे

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घ्या. घराण्याच्या ढालीवर रंगांना फार महत्त्व, पण छापील चित्र तर काळे-पांढरे. मग निळे घराणे आणि तांबडे घराणे वेगळे कसे ओळखायचे? १६३८ मध्ये सिल्व्हेस्तर पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्र्याच्या ग्रंथामुळे एक संकेत सर्वदूर रूढ झाला. उभ्या रेषा म्हणजे तांबडा. आडव्या रेषा म्हणजे निळा. ठिपके म्हणजे सोनेरी. कोरी जागा म्हणजे रुपेरी. उभ्या-आडव्या रेषांची जाळी म्हणजे काळा. आपल्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणाऱ्या तिरक्या रेषा म्हणजे हिरवा आणि त्याच्या उलट तिरक्या म्हणजे जांभळा.

लगेच वापरून बघू. नांतयने कोरलेले निकोला फूके याचे १६६१चे चित्र शोधा. फूके हा फ्रान्सच्या राजाचा अर्थमंत्री. त्याच्या घराण्याचे चिन्ह खार: रुपेरी ढालीवर तांबडी खार. म्हणजे कोऱ्या जागेवर उभ्या रेषांनी भरलेली खार. आता नांतयनेच कोरलेला दुसरा मंत्री, कोलबेर, काढा. हा सोनेरी ढालीवर निळा नाग मिरवतो: ठिपक्यांच्या पार्श्वभूमीवर आडव्या रेषांचा सरपटता आकार. ल तेलिए या तिसऱ्या मंत्र्याच्या ढालीवर रुपेरी पाली आहेत, निळ्यावर. तर १६६१च्या सप्टेंबरात राजाने फूकेला अटक करवली. त्याच्यावरची फाइल तयार करण्यात कोलबेरचा हात मोठा होता आणि पुढे खजिन्याचा कारभारही त्याच्याकडेच आला. फूके उरलेला जन्म कैदेत राहिला. खार, नाग आणि पाल यांच्यावर त्या काळी लोकांनी काय काय कोट्या केल्या असतील, ते सांगायला नको. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला १६६१चा तो ठसा बघताना ती लहानशी खार डोळ्यांआड करता येत नाही. फूकेच्या चेहऱ्यावर मात्र यातले काहीच नाही. तो शांतपणे, थोडासा खुशीत, समोर बघतो आहे.

माझारँ या कार्डिनल-प्रधानमंत्र्याची ढाल आणखी बोलकी आहे: प्राचीन रोमच्या दंडाधिकाऱ्यांपुढे चालणारा काठ्यांचा जुडगा, त्यात कुऱ्हाड, आणि वरून तीन चांदण्यांचा पट्टा. इटलीतून आलेल्या, राजघराण्याशी रक्ताचे नाते नसलेल्या या माणसाने रोमन दंडसत्ताच ढालीवर बसवून घेतली. नांतयने त्याला वारंवार कोरले.

धर्माधिकाऱ्यांच्या ढालीवर रुंद काठाची टोपी असते आणि दोन्ही बाजूंना गोंडे लोंबतात. गोंडे मोजून हुद्दा सांगायची पद्धत आज पक्की आहे, पण कार्डिनलचे प्रत्येक बाजूला पंधरा हा हिशेब १८३२ साली ठरला. सतराव्या शतकातल्या चित्रात गोंड्यांची संख्या इकडेतिकडे होते, तेव्हा तेवढ्यावर भिस्त ठेवू नका.

पायरी ४: चौकट आणि चौथरा

यावर फार वेळ घालवू नका, पण एक पाहा. लंबगोल चौकट ही बहुधा कोरलेल्या दगडाची भासवलेली असते आणि तिच्यावर प्रकाश एका ठरावीक बाजूने पडतो. माणसावरचा प्रकाश त्याच बाजूचा असेल, तर कोरणाऱ्याने माणूस दगडी कोनाड्यात बसवला आहे, अर्धवट स्मारकासारखा. बाही किंवा झग्याची घडी चौकटीच्या बाहेर सांडली असेल, तर उलट: स्मारकातून माणूस आपल्याकडे झुकतो आहे. पहिली युक्ती टिकाऊपणाचा दावा करते, दुसरी हजेरीचा. बरोक काळाला दोन्ही एकदम हवे असत.

पायरी ५: कपडे, पदके, शस्त्रे

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्ण चिलखत घालून लढणे जवळजवळ संपलेच होते. तरी चित्रात चिलखत आहेच, आणि त्यावर जाळीदार लेसचा गळपट्टा आणि खांद्यावर रुळणारा कुरळ्या केसांचा विग. हे कुणीही रणांगणावर घातले नसते. चित्रातले चिलखत सरदारी जन्म आणि सेनापतीपद सांगते, युद्ध नव्हे. हातातला आखूड दंड हुकूम देण्याचा अधिकार सांगतो. हात दंडावर नुसता टेकलेला आहे की त्याने दिशा दाखवली आहे, तेही बघा: दुसऱ्या प्रकारात मागे कुठेतरी वेढा पडलेले शहर किंवा धूर निघणारी लढाई सापडते.

पदकांपैकी तीन ओळखता आली तरी पुष्कळ झाले. गळ्यातल्या साखळीला लोंबणारा मेंढा म्हणजे ‘गोल्डन फ्लीस’, १४३०ची बर्गंडीची संस्था, पुढे हॅब्सबर्ग घराण्याची. क्रूसावर उतरणारे कबुतर म्हणजे फ्रान्सचे ‘सँतेस्प्री’, १५७८ साली तिसऱ्या हेन्रीने स्थापलेले, सभासद शंभरच. इंग्लंडचा ‘गार्टर’ डाव्या पायाच्या गुडघ्याखाली बांधतात. अर्ध्या चित्रात पाय दिसत नाहीत, तिथे त्याचा पट्टा किंवा तारा शोधावा लागतो.

इथेच उजव्या-डाव्याची तपासणी करा. प्लेटवर जसे कोराल त्याच्या उलट कागदावर उमटते, आरशासारखे. मूळ रंगचित्र समोर ठेवून जसेच्या तसे कोरले, तर ठशात माणूस डावखुरा होतो आणि तलवार उजव्या कमरेला जाते. सँतेस्प्रीचा निळा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे जातो. ठशात तो उलटा दिसला, तर कोरणाऱ्याने रेखाटन उलटे करून घेण्याची तसदी घेतलेली नाही. दरबारी कामात सहसा ती घेतलेली असते. नक्कल करून विकणाऱ्या दुकानदाराने ती घेतली असण्याची शक्यता कमी. हुद्द्याची चिन्हे चुकीच्या बाजूला पडलेले चित्र त्या माणसाच्या परवानगीने निघाले असेल का, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

पायरी ६: मागचे सामान, आणि एका राजाचे चित्र जवळून

पडदा, खांब, मेज, उशी, पुस्तके, झाडे, प्राणी. चेझारे रीपाचा ‘इकोनोलोजिया’ १५९३ मध्ये निघाला, १६०३ मध्ये सचित्र झाला आणि नंतर युरोपभर चित्रकारांच्या हाताशी राहिला. त्यात खांब म्हणजे स्थैर्य, सिंह म्हणजे बळ, अशी जंत्री मिळते. पण जंत्री हातात आली की आपण जिकडेतिकडे प्रतीके बघू लागतो. प्रत्येक कुत्रा निष्ठेचा नसतो. काही कुत्रे फक्त त्या घरचे कुत्रे असतात. मी एक साधा नियम पाळतो: एखादी वस्तू प्रतीक आहे असे म्हणायचे, तर दुसरीकडून दुजोरा हवा. चौथऱ्यावरची ओळ, ढाल किंवा त्या माणसाचे पद यांपैकी एकाने तरी तेच म्हटले पाहिजे. नाही म्हटले, तर खांब हा नुसता खांब.

दुजोरा कसा मिळतो, ते पाहायला पिएर द्रव्हेने कोरलेला चौदावा लुई घ्या. मूळ चित्र इयासँत रिगोचे, १७०१चे. राजाने ते स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला पाठवायला म्हणून काढवून घेतले आणि इतके आवडले की स्वतःकडेच ठेवले. आज ते लूव्हरमध्ये आहे. ते एका भिंतीवर टांगलेले. द्रव्हेचे ठसे मात्र वकिलातींत, ग्रंथालयांत, संग्राहकांच्या पेट्यांत पोहोचू शकत होते.

आता एकेक वस्तू. राज्याभिषेकाचा झगा: बाहेरून लिलीची फुले, आतून अर्मिन या प्राण्याची पांढरी लोकर, तीवर काळी शेपटे. राजमुकुट डोक्यावर नाही, बाजूच्या उशीवर आहे, आणि त्याच्याजवळच टोकाला हाताचा पंजा असलेला न्यायदंड. राजदंड राजाने उलटा धरला आहे, टोक खाली टेकवून, फिरायला जाताना घ्यायच्या काठीसारखा. कमरेला राज्याभिषेकाची तलवार, जी शार्लमेन या प्राचीन सम्राटाची मानली जाई. मागे भव्य खांब आणि खांबाच्या पायथ्याशी न्यायदेवतेचे उठावचित्र. म्हणजे इथे खांबाला न्यायदंडाचा दुजोरा आहे. तो नुसता खांब नाही.

माझी नजर दर वेळी त्या उलट्या राजदंडावर जाते. राज्याची इतकी पवित्र वस्तू कुणी अशी टेकायला वापरेल का? वापरेल, ज्याला ती कुणी हिसकावून घेईल याची यत्किंचित शंका नाही तोच. मुकुट डोक्यावर ठेवायची गरज नाही, राजदंड घट्ट धरायची गरज नाही. या वेळी राजा साठी ओलांडलेला आहे, गाल उतरले आहेत. पण पाय रेशमी मोज्यांत नर्तकाच्या पवित्र्यात पुढे टाकलेले. चित्रातल्या लाल टाचा छापात काळ्या होतात, एवढाच तोटा.

पायरी ७: मुकुट गेलेल्याचा अधिकार

उलट बाजूही बघायला हवी. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि त्याच सुमारास त्याच्या नावाने ‘आयकॉन बेसिलिकी’ हे पुस्तक बाहेर पडले. त्याच वर्षात त्याच्या तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. विल्यम मार्शलने कोरलेले या पुस्तकाच्या सुरुवातीचे चित्र सहज सापडेल. कारागिरी द्रव्हेच्या जवळपासही नाही, आणि तरी परिणामात ते शतकातल्या कुठल्याही चित्राला भारी आहे.

राजा गुडघ्यांवर आहे. पायाशी सोन्याचा मुकुट पडला आहे, त्यावर शब्द: झळाळता पण जड. हातात काट्यांचा मुकुट: बोचरा पण हलका. नजर वर, तिथे ताऱ्यांचा मुकुट: धन्य आणि अनंत. मागे वजने टांगलेली ताडाची झाडे, ओझ्याने सद्गुण वाढतो असे सांगणारी, आणि वादळी समुद्रात न हलणारा खडक. इथे एकही वस्तू मोघम नाही, प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवलेली आहे, कारण चित्र दरबाऱ्यांसाठी नव्हते, पुस्तक विकत घेणाऱ्या सामान्य माणसासाठी होते. ते इतके लागू पडले की राजाच्या विरोधकांपैकी असलेल्या जॉन मिल्टन या कवीला त्याच वर्षी उत्तरादाखल पुस्तक लिहून या चित्राचीही टर उडवावी लागली.

दोन चित्रे शेजारी ठेवा. लुईच्या चित्रात प्रतीके बोलत नाहीत, चार्ल्सच्या चित्रात ती ओरडतात. सत्ता हातात असताना सामान नुसते ठेवून दिले तरी चालते. ती गेली की चिठ्ठ्या लावाव्या लागतात.

पायरी ८: रेषेपर्यंत जा

शंभर, दोनशे किंवा पाचशेची नोट घ्या आणि गांधीजींच्या चेहऱ्यावरून बोट फिरवा. शाई किंचित उठलेली लागते. तंत्र याच कुळातले आहे: धातूत खोदलेल्या चरीत शाई भरायची, पृष्ठभाग पुसून काढायचा आणि कागद जोराने दाबायचा. सतराव्या शतकात खोदायचे हत्यार म्हणजे ब्युरिन, तिरक्या टोकाची पोलादी सळई. ती तळहाताने पुढे ढकलायची. वळण हवे असेल तर हात बहुतेक स्थिर ठेवून चामड्याच्या उशीवर ठेवलेली प्लेटच फिरवायची. जोर वाढवला की रेष फुगते, सोडला की निमुळती होते.

चित्र मोठे करून गालावर या. रेष दोन्ही टोकांना टोकदार होत असेल तर ब्युरिनचे काम. सगळीकडे सारखी जाड आणि टोकाला बोथट असेल तर आम्लाने खाल्लेले एचिंग. रेषच नसेल, मखमलीसारखा काळोख आणि त्यातून घासून काढलेला उजेड असेल, तर मेझोटिंट. ही रीत लुडव्हिग फॉन झीगनने १६४२ मध्ये काढलेल्या हेसेच्या अमेलिया एलिझाबेथच्या चित्रापासून सुरू झाली.

रेषेचा अधिकाराशी काय संबंध? अर्मिन, लेस, रेशीम, पोलाद आणि त्वचा या सगळ्यांना वेगळी रेष लागते, आणि एकाच प्लेटवर त्या सगळ्या दाखवणे हा पैशाचा आणि वेळेचा खेळ आहे. पिएर-अँबेर द्रव्हेने (वर आलेल्या पिएरचा मुलगा) १७२३ मध्ये बोसुए या बिशपचे चित्र कोरले, तेही रिगोवरूनच, बिशप जाऊन एकोणीस वर्षे झाल्यावर. त्यातली लेस आणि लोकर बघून लोक आजही तोंडात बोट घालतात. मी घालत नाही. मला त्यात बिशपपेक्षा द्रव्हेचा अधिकार जास्त दिसतो. त्याउलट क्लोद मेलां. तो रेषा एकमेकींवर आडव्या घालत नसे, एकाच दिशेच्या रेषा फुगवून-बारीक करून सावली आणी. १६४९ साली त्याने व्हेरोनिकाच्या रुमालावरचा ख्रिस्ताचा चेहरा कोरला. त्यातली रेष नाकाच्या शेंड्यापासून निघते आणि फिरत फिरत कडेपर्यंत जाते. मुळात एकच रेष. ते राजाचे चित्र नाही, पण रेषेची नजर तयार करायला याहून चांगला धडा नाही.

पायरी ९: ठसा कुणाच्या हाती गेला

व्यक्तिचित्र कशासाठी कोरले, हे कळले तर प्रतीकांचा सूर कळतो. पुस्तकाच्या सुरुवातीला असेल तर लेखकाचा किंवा आश्रयदात्याचा मान. पॅरिसमध्ये विद्यार्थी आपला प्रबंध एखाद्या बड्या माणसाला अर्पण करत आणि वादसभेच्या मोठ्या पत्रकावर त्याचे चित्र छापत. नांतयने केलेले काही जवळजवळ खऱ्या आकाराचे चेहरे या कामी आले. तिथे मोठेपणा चित्रातल्या माणसाचा, पण खर्च आणि आशा विद्यार्थ्याच्या.

व्हॅन डाइकच्या ‘इकोनोग्राफी’ या कोरीव व्यक्तिचित्रांच्या मालिकेत ढोबळ तीन गट होते: राजे आणि सेनापती, मुत्सद्दी आणि विद्वान, आणि चित्रकार व कलारसिक. चित्रकारांना राजांच्या मालिकेत जागा! त्यांच्या हाती दंड नाही, पण झगा, हाताचा डौल आणि मागचा खांब तोच. अँटवर्पच्या मार्टिन व्हान डेन एंडेनने या प्लेटचे ठसे आधी प्रकाशित केले, १६४५च्या सुमारास त्या गिलिस हेंड्रिक्सकडे गेल्या आणि त्याने तळाशी आपली आद्याक्षरे ‘जी. एच.’ घातली. तुमच्या ठशावर ती असतील तर तो एंडेनच्या वेळचा नाही. प्लेटमधल्या अशा बदलांना ‘अवस्था’ म्हणतात. संग्रहालयाच्या नोंदीत त्यांचे क्रमांक दिलेले असतात, तेवढे वाचायची सवय ठेवा. प्लेट जसजशी झिजते तशा सर्वांत बारीक रेषा आधी पुसट होतात, म्हणजे गालावरच्या. ढाल आणि खांब त्यानंतरही बराच काळ ठसठशीत उमटत राहतात.

पायरी १०: आता चेहरा

आतापर्यंत माणसाचा हुद्दा, घराणे, पक्ष, ठशाचा काळ आणि गिऱ्हाईक कळलेले असते. आता डोळ्यांत बघा आणि एकच प्रश्न विचारा: भोवतीच्या सामानाशी चेहरा जुळतो का? नांतयच्या म्हाताऱ्या मंत्र्यांमध्ये थकवा आणि सावधपणा दिसतो, आणि सामान मात्र निर्धास्त असते. तिथे कोरणारा खरे बोलतो आहे असे मला वाटते. राजांच्या चित्रांत ही फट सहसा सापडत नाही, शोधूही नका.

आपल्याकडचे एक चित्र

डच धर्मोपदेशक फ्रान्स्वा व्हालेंटाइन याने १७२४ ते १७२६ मध्ये छापलेल्या पूर्वेकडील देशांवरच्या ग्रंथात शिवाजी महाराजांचे कोरीव चित्र आहे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांच्यामुळे ते मराठी वाचकांपुढे आले. वरच्या पायऱ्या त्यावर चालवून बघा, पण पाचव्या पायरीला थांबा. कोरणाऱ्याने महाराजांना पाहिले असण्याची शक्यता नाही. ते १६८० मध्येच गेले. अशा चित्रांचे मूळ सतराव्या शतकाच्या शेवटी डच लोकांच्या हाती गेलेल्या दख्खनी लघुचित्रांत आहे. तसाच एक संच राइक्सम्युझियममध्ये आहे, ॲमस्टरडॅमचा महापौर निकोलास विटसन याच्याकडचा, आणि त्यातही महाराज आहेत. तेव्हा पागोटे, दागिने आणि शस्त्र दख्खनी दरबारी चित्रांच्या रिवाजाने वाचायचे आणि अक्षरे व रेष तेवढी डच रिवाजाने. रीपाची जंत्री इथे मिटून ठेवा.

युरोपीय संकेत भारतातच प्रत्यक्ष बघायचे असतील, तर जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची रंगचित्रे आहेत. ही परंपरा जुआंव द कास्त्रोने १५४७ मध्ये सुरू केली. ती कोरीव नाहीत आणि पुन्हापुन्हा रंगवल्याने त्यांचे चेहरे फारसे भरवशाचे नाहीत. ढाली आणि नावाच्या पाट्या वाचा, आणि जाताना रेषांच्या रंगांचा संकेत कागदावर लिहून न्या. ढाली तिथे रंगीत आहेत, तेव्हा उलटा सराव करा: समोरची रंगीत ढाल वहीत पेन्सिलीने, नुसत्या रेषा आणि ठिपके वापरून उतरवा.